मोठ्या यादीची मागची पानं

पातेल्याचं झाकण उचलायचा हक्क एकट्या झुल्मिराआत्याचा. पापा होते तेव्हाही तसंच होतं. ते मांस आणायचे, कोबी चिरायचे, पाव कापायचे; पण झाकणाला हात लावला की आत्या त्यांच्या मनगटावर डाव मारायची. आज पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी सकाळी सात वाजता तिनं पहिलं झाकण उचललं, वाफेत तोंड घालून वास घेतला आणि म्हणाली, "पुदिना कमी आहे. बेल्मिरो असता तर बरोबर आणला असता."

"आणते," फिलोमेना म्हणाली.

"तू कुठून आणणार? रविवारी दुकानं बंद. राहू दे. लोक काय पुदिना मोजायला येतात?"

फेब्रुवारीपासून पापांचं नाव घरात असंच यायचं, कामाच्या ओघात, आणि कामाबरोबरच पुढे सरकायचं. फिलोमेनाला ते बरं वाटायचं. कुणी थांबून, आवाज उतरवून त्यांच्याबद्दल बोललं की तिला काय करावं ते कळत नसे.

गेल्या वर्षी याच बेकरीत पिशवीतून गल्लीतल्या सात घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या, ईस्टरनंतरच्या एकेका आठवड्याला एक घर, तेव्हा सातवी चिठ्ठी पापांची होती. सातवा आठवडा म्हणजे शेवटचा, सगळ्यात मोठ्या जेवणाचा. पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट सात दिवस घरात ठेवायचा, रोज संध्याकाळी शेजाऱ्यांना प्रार्थनेला बोलवायचं आणि रविवारी जो येईल त्याला जेवू घालायचं. पापा तेव्हा हातात डाव घेऊन नाचले होते. पुढे हिवाळ्यात ते गेले. हा सण चालवणाऱ्या मंडळाचे म्हातारे सेराफिमकाका विचारायला आले, दुसरं घर बघू का म्हणून. आत्यानं त्यांना दारातच उत्तर दिलं होतं, "माणूस गेलाय. घर कुठे गेलंय?"

घर मात्र जायच्या वाटेवरच होतं.

गल्ल्यावर, पापांच्या जुन्या वजनाखाली, वेन्स्लो विद्यापीठाचं जाड पाकीट होतं. कूपर स्ट्रीट, नंबर सव्वीस: खाली बेकरी, वर तीन खोल्या, मागे भट्टी. तीन मालक, तीन सह्या. आत्याची झाली होती, भावाची, ऑर्लांदोची झाली होती. तिसरी सही फिलोमेनाची, आणि मुदत उद्या दुपारची.

ऑर्लांदो मांसाचं दुसरं पातेलं उचलून आत आला. बावीस वर्षं वेन्स्लोच्या बॉयलरघरात काम केल्यामुळे गरम भांडं तो फडक्याशिवायच धरायचा.

"मेना, त्या पाकिटाकडे असं बघू नकोस. चावत नाही ते."

"मी पावाकडे बघत होते."

"पाव तिकडे आहे."

आत्या हसली. फिलोमेनाही हसली, पण तिनं नजर पाकिटावरून काढली नाही.

"हे बघ," ऑर्लांदो पातेलं ठेवून म्हणाला, "भांडायचं नाही असं ठरवून आलोय मी. पण माझ्या माळ्यावर तीन बादल्या ठेवल्यात गळतीला. आत्याला हा जिना चढताना दोनदा बसावं लागतं. भट्टी सहा वर्षं थंड आहे. आणि दुसरा कुणी वेन्स्लोच्या निम्मेही द्यायला तयार नाही. यात माझं काय चुकतंय ते सांग, मी गप्प बसतो."

"तुझं काही चुकत नाही."

"मग?"

"मग काही नाही. पाव काप."

"ही अशीच लहानपणापासून," ऑर्लांदो आत्याला म्हणाला. "भांडली तर जिंकता तरी येईल हिच्याशी."

त्यानं सुरी घेतली आणि कालचा पाव जाड कापायला सुरुवात केली. तो बरोबर होता, हेच तर अवघड होतं. पापा पहाटे भट्टी सांभाळून एकतीस वर्षं ब्रॅडहेवन शहराच्या करखात्यात होते. शहरातल्या प्रत्येक घराची, दुकानाची, रिकाम्या प्लॉटचीही नोंद असलेलं ते जाडजूड पुस्तक. त्याला सगळे मोठी यादी म्हणत. कर भरणारी घरं पुढच्या पानांवर. कर माफ असलेली चर्च, शाळा, दवाखाने आणि विद्यापीठ मागच्या पानांवर. वेन्स्लोनं एखादं घर घेतलं आणि तिथे वर्ग किंवा संशोधन सुरू केलं की ते घर पुढून उचलून मागे टाकायचं. तो कायदाच होता, आणि टाकायचं काम पापांचंच होतं. दोघं लहान असताना पापा त्यांना शाळेत सोडायला जाताना कूपर स्ट्रीटचे नंबर मोजायचे, "चौदा, पुढचं पान. सोळा, पुढचं पान. अठरा..." मग टोपी जरा वर करायचे. "अठरा, मागचं पान."

त्यांचा विद्यापीठावर राग नव्हता. टेकडीवरच्या ग्रंथालयाचा मनोरा दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. पण एकदा जेवताना ते म्हणाले होते, ते फिलोमेनाच्या पक्कं लक्षात होतं. "एवढी मोठी शाळा गावात असावी, चांगलंच आहे. फक्त आपल्या दारातला बर्फ कोण उपसतं, एवढं तरी शाळेनं कधी विचारावं."

आता कूपर स्ट्रीटवरची अकरा घरं मागच्या पानांवर होती. मंडळाचा जुना हॉलही गेला होता, तिथे नाचाचे वर्ग भरत; म्हणून तर गेली चार वर्षं जेवण बेकरीत होत होतं. फिलोमेना ज्या शहर वाचनालयात काम करायची ते आता सोमवारी आणि गुरुवारी बंद असायचं. टेकडीवरचं ग्रंथालय रात्रंदिवस उघडं होतं, पण आत जायला कार्ड लागायचं. यात कुणी एक वाईट माणूस नव्हता. पुढची पानं तेवढी दरवर्षी पातळ होत होती आणि उरलेल्यांचा कर वाढत होता. पापांच्याच घराचं पान आपल्या हातानं मागे टाकायचं, एवढंच तिला जमत नव्हतं.

दुपारी बारा वाजता चर्चमधून मिरवणूक परत आली. सेराफिमकाकांनी मुकुट पुढच्या खोलीत, निळ्या फुलांच्या मखरात ठेवला आणि बेकरीची दारं दोन्ही बाजूंनी उघडली गेली. माणसं आत यायला लागली.

कोण, कुठला हे विचारायचं नाही, हा या जेवणाचा पहिला नियम. रिकामी जागा दिसली की बसायचं. वाडग्यात पावाचा जाड तुकडा, वर पुदिन्याची काडी, त्यावर आत्या गरम सूप ओतणार. मागून मांस आणि कोबीचं ताट. बसचे ड्रायव्हर आले, रात्रपाळी संपवून आलेल्या दोन नर्सेस आल्या, पलीकडच्या रस्त्यावरचं एक कुटुंब आलं, विद्यापीठाची चार मुलं दारात घुटमळत उभी राहिली.

"आत या," आत्या तिथूनच ओरडली. "दारात उभं राहून सूप गार होतं."

"आम्ही कुणाच्या ओळखीचे नाही, मॅडम," त्यातला एक म्हणाला.

"मग काय झालं? मीही तुझ्या ओळखीची नाही. बस."

त्यांच्यामागून फिकट रंगाचा कोट घातलेला पन्नाशीचा उंच माणूस आला. तोही बसची वाट बघत असल्यासारखा उभा होता. आत्यानं त्याला दंडाला धरून दोन ड्रायव्हरांच्या मध्ये बसवलं, मानेभोवती फडकं बांधलं आणि वाडगा समोर ठेवला. तो काहीतरी सांगायला गेला.

"आधी खा," आत्या म्हणाली. "बोलायला अख्खी दुपार पडली आहे."

त्यानं खाल्लं. मग दुसरा वाडगाही खाल्ला. ऑर्लांदो मांसाचं ताट घेऊन आला आणि जागीच थबकला.

"ऑल्ड्रिच साहेब! तुम्ही आलात?"

"तुम्ही बोलावलं होतं ना," तो माणूस फडक्याला तोंड पुसत म्हणाला. "मी या बाईंना सांगत होतो, पण त्या ऐकूनच घेईनात."

"कोण आहे हा?" आत्यानं विचारलं.

"आत्या, हेच ते. वेन्स्लोचे. आपलं घर घेणारे."

आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अगंबाई. मला वाटलं गॅसवाला." मग त्याच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा टाकला. "खा, खा. गॅसवाल्यापेक्षा तुम्ही बारीक आहात."

ड्रायव्हर हसले. ऑल्ड्रिचही हसला, आणि फिलोमेनाला तो जरा आवडला. हे तिला फारसं सोयीचं नव्हतं.

जेवण झाल्यावर ती त्याला मागे भट्टीपाशी घेऊन गेली. ऑर्लांदो बोलावल्याशिवाय मागोमाग आला.

"मी सही करणार नाही असं नाही," फिलोमेना म्हणाली. "मला एक ओळ लिहून हवी आहे. घर तुमचं झालं तरी मोठ्या यादीत पुढच्याच पानावर राहील. आज जेवढा कर आहे तेवढा तुम्ही शहराला देत राहाल."

ऑल्ड्रिचनं कपाळ खाजवलं. "मिस मेदेरोस, विद्यापीठ शहराला दरवर्षी रक्कम देतं. चांगली मोठी देतं."

"स्वखुशीनं."

"हो, स्वखुशीनं."

"आणि ज्या वर्षी खुशी नसेल?"

"तसं झालेलं नाही."

"दोनदा झालंय. त्या वर्षांचे कागद माझ्या वडिलांनी फाइलला लावलेत."

ऑर्लांदो मध्ये पडला. "मेना, ते साहेब जेवायला आलेत, उलटतपासणीला नाही."

"नाही, बोलू द्या," ऑल्ड्रिच म्हणाला. "हे बघा, एका घराचा कर आमच्यासाठी काहीच नाही. उद्या देऊ. पण एका घराला लिहून दिलं की पुढचा प्रत्येक घरमालक तेच मागेल."

"तेच तर," फिलोमेना म्हणाली.

थंड भट्टीचं लोखंडी दार ऑल्ड्रिचनं सहज उघडून आत पाहिलं. "यात शेवटचा पाव कधी भाजला?"

"सहा वर्षं झाली. पापांचे गुडघे गेले तेव्हा."

"मला नाही वाटत वर हे कुणी मान्य करेल," तो सावकाश म्हणाला. "तुम्हाला खोटी आशा लावत नाही."

"मग आपलं उद्याचं भेटणं राहू द्या."

ऑर्लांदोनं एकदा छताकडे पाहिलं. भिंतीला टेकून दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला, लहानपणी मार बसल्यावर राहायचा तसा. त्याच्यावर ओरडणं फिलोमेनाला सोपं गेलं असतं. तो असा गप्प उभा राहिला की तिच्याच्यानं बघवत नसे.

इतक्यात बाहेर घंटी वाजली. चिठ्ठ्या काढायची वेळ झाली होती.

लाल मखमलीची ती पिशवी शंभर वर्षांपूर्वीची, तळाशी तीनदा शिवलेली. कूपर स्ट्रीटवर ज्याचं घर त्याची चिठ्ठी पिशवीत, इतका साधा नियम. पुढच्या वर्षाच्या सात आठवड्यांची सात घरं त्यातून निघायची. चिठ्ठी काढून वाचायचं काम मंडळातल्या सगळ्यात वयस्कर बाईचं, म्हणजे गेली सतरा वर्षं आत्याचं. ती मुकुटाशेजारी खुर्चीत बसली. गुडघ्यांवर पिशवी घेतली. सेराफिमकाका वही उघडून उभे राहिले.

पहिली चिठ्ठी पिमेंतेलांची. टाळ्या. दुसरी सेराफिमकाकांचीच. "मला पुन्हा? तीन वर्षांपूर्वीच तर झालं माझं!" ते म्हणाले. "ज्याचं सूप वाईट त्याला पुन्हा शिकायला लावतात," कुणीतरी मागून ओरडलं.

आत्यानं तिसरी चिठ्ठी काढली. उघडली. चष्मा नाकावर खाली घेतला, वर घेतला. तिचा दुसरा हात ॲप्रनच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काय गं, झुल्मिरा?" सेराफिमकाका म्हणाले. "कोरी का? तुला दरवर्षी एक-दोन कोऱ्या सापडतातच."

"नाही," आत्या म्हणाली. "कोरी नाही."

तिनं एकदा फिलोमेनाकडे पाहिलं, मग मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द सुटा करून.

"वेन्स्लो विद्यापीठ. कूपर स्ट्रीट, नंबर अठरा."

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग विद्यापीठाच्या चार मुलांतला एक फसकन हसला, ड्रायव्हर हसले, आणि हसू सगळ्या बेकरीभर पसरलं. सेराफिमकाका हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली.

"हे अक्षर बेल्मिरोचं आहे."

"त्याचंच," आत्या म्हणाली. "नियम काय आहे, सेराफिम? ज्याचं घर त्याची चिठ्ठी. अठरा नंबर कुणाचं?"

"वेन्स्लोचं."

"मग?"

सेराफिमकाकांनी वही खाली केली. "नियमात बसतं," ते शेवटी म्हणाले. "नाव निघालं की घरच्या माणसानं उठून म्हणायचं, घेतला. वेन्स्लोच्या घरचं कुणी आहे का इथे?"

आता कुणी हसत नव्हतं. सगळ्या माना ऑल्ड्रिचकडे वळल्या. त्याच्या गळ्यातलं फडकं अजून तसंच होतं.

"मला नीट कळलं नाही," तो म्हणाला. "काय घ्यायचं?"

"मुकुट," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी तिसरा आठवडा. सात दिवस तुमच्या घरात. रविवारी जेवण."

"किती लोकांचं?"

"येतील तितक्यांचं."

"आणि हे... म्हणजे, हे सक्तीचं आहे का?"

"छे," सेराफिमकाका म्हणाले. "सक्ती कुणावरच नाही. स्वखुशीचं आहे. एकशे चार वर्षांत अजून कुणी नाही म्हटलेलं नाही, एवढंच."

ऑल्ड्रिचनं फिलोमेनाकडे पाहिलं. तिनं चेहरा शक्य तितका सरळ ठेवला.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ऑर्लांदो उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते. दहा माणसांपुढे बोलायचं म्हटलं की त्याचं नेहमीच असं व्हायचं.

"मी आहे वेन्स्लोचा," तो म्हणाला. "बावीस वर्षं झाली. अठरा नंबरच्या नळातलं गरम पाणी माझ्याच बॉयलरमधून जातं. घरचा माणूस हवा ना? मी आहे. पण मी उठलो तर सूप मला करावं लागेल, आणि माझं सूप कसं होतं ते आत्याला विचारा." तो थांबला. "ऑल्ड्रिच साहेब, तुम्ही उठताय की मी उठलोच आहे असं धरायचं?"

फिलोमेनानं भावाकडे पाहिलं. सकाळपासून, खरं तर फेब्रुवारीपासून, तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता. आता तो कुठल्या बाजूला होता ते तिला सांगता आलं नसतं, पण त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं मात्र वाटलं.

ऑल्ड्रिचनं गळ्यातलं फडकं सोडलं, घडी घातली, टेबलावर ठेवली. मग उठला.

"मला वर विचारावं लागेल."

"विचारा की," आत्या म्हणाली. "अख्खं वर्ष आहे."

"वर नाही म्हणाले तर..." तो घुटमळला. "तर मी येईन. माझ्या नावानं. सूप कसं करतात ते कुणीतरी दाखवावं लागेल."

"मंडळाच्या वहीत माणसाचं नाव चालत नाही, घराचं लागतं," सेराफिमकाका म्हणाले. "पण वेन्स्लोनं घेतला असं लिहू का?"

ऑल्ड्रिचनं एक मोठा श्वास घेतला. "घेतला," तो म्हणाला.

यावेळी टाळ्या वाजल्या त्या नेहमीच्या टाळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजल्या. ड्रायव्हरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. उरलेल्या चार चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या साध्या माणसांच्या.

चारच्या सुमारास बेकरी रिकामी झाली. ऑर्लांदो खुर्च्या रचत होता. आत्या मागच्या मोरीपाशी स्टुलावर बसून पातेली घासत होती, आणि फिलोमेना पुसत होती.

"सतरा वर्षं?" फिलोमेनानं विचारलं.

"काय सतरा वर्षं?"

"कोऱ्या चिठ्ठ्या, आत्या."

आत्यानं घासणी थांबवली नाही. "लोक हसले असते त्याला. एवढा शहाणा माणूस, करखात्यात अधिकारी, आणि विद्यापीठाच्या नावानं चिठ्ठ्या टाकतो. पहिल्या वर्षी निघाली तेव्हा मला घामच फुटला. खिशात टाकली, म्हटलं कोरी आहे. मग दरवर्षी तेच. तीसेक तरी जमल्या असतील, बिस्किटाच्या डब्यात आहेत."

"पापांना माहीत होतं?"

"समोर बसलेला असायचा की. माझ्याकडे बघून मान हलवायचा. कधी बोलला नाही. दुसऱ्या वर्षी निघालेल्या तेवढ्या पुन्हा नवीन लिहून आणायचा." तिनं पातेलं उपडं केलं. "गेल्या ख्रिसमसला मला पाकिटात घालून दिल्या. म्हणाला, मी नसेन, तू टाकशील ना? मी म्हटलं, टाकीन. वाचीन असं काही म्हटलं नव्हतं मी."

"मग वाचलीस का?"

"आता लोकांनी हसायला तो नाही ना," आत्या म्हणाली, आणि तिनं पाण्याचा नळ मोठा केला.

फिलोमेना फडकं ठेवून पुढे गेली. लाल पिशवी मखराखाली होती. न निघालेल्या चिठ्ठ्या पुढच्या वर्षासाठी तशाच ठेवायच्या असत. तिनं त्या गल्ल्यावर ओतल्या. पापांच्या ओळखायला वेळ लागला नाही. एकाच मापाचे कागद, आणि सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ. काहींवरचं अक्षर जरा थरथरलेलं. आठ, बारा, सतरा, बावीस, सत्तावीस. अठरा तर निघाली होती. तिनं राहिलेल्या मोजल्या. अकरा घरांपैकी एक निघाल्यावर दहा उरायला हव्या होत्या. त्या अकरा होत्या.

अकरावी तिनं उजेडाकडे धरली.

वेन्स्लो विद्यापीठ. कूपर स्ट्रीट, नंबर सव्वीस.

तिनं ती दोनदा वाचली. इस्पितळातली शेवटची दुपार तिला आठवली. पापांनी डोळे न उघडताच विचारलं होतं, "लांदोचं छप्पर अजून गळतंय?" तिला वाटलं होतं, तापात बरळताहेत. "गळतंय, पापा," ती म्हणाली होती. "मग ठीक आहे," ते म्हणाले होते. तिनं त्यावर फारसा विचार केला नव्हता. हे आजवर तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी घर देऊन टाकलं होतं. आणि देता देता विद्यापीठाला सुपाच्या पंगतीत बसवून गेले होते.

बाहेर कुणीतरी खाकरलं. ऑल्ड्रिच अजून गेला नव्हता; दारात उभा होता, कोट हातावर घेऊन. "मी निघतो," तो म्हणाला. "एक सांगायचं होतं. कायमसाठी मी लिहून देऊ शकत नाही. पण वीस वर्षं. वीस वर्षं सव्वीस नंबर पुढच्या पानावर राहील, आणि ही खोली दरवर्षी सात आठवडे गल्लीसाठी उघडी राहील. एवढं मी वर घेऊन जाऊ शकतो. लढू शकतो त्यासाठी."

"आणि पुढचा घरमालक तेच मागेल त्याचं काय?"

"मागू दे," ऑल्ड्रिच म्हणाला. मग स्वतःच्याच उत्तराचं नवल वाटल्यासारखा थोडा हसला. "सूप फार खाल्लं मी आज."

"लिहून द्या," फिलोमेना म्हणाली.

त्यानं गल्ल्यावर वाकून पाकिटातल्या कागदाच्या समासात दोन ओळी लिहिल्या आणि खाली आद्याक्षरं टाकली. ऑर्लांदो खुर्ची हातात धरूनच मागे येऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागला.

"वर मान्य झालं की कळवा," ती म्हणाली. "त्याच दिवशी सही करीन."

"आणि नाही झालं तर?" ऑर्लांदोनं विचारलं.

"तर तुझ्या माळ्यावर मी येते, पत्रे धरायला. तोपर्यंत दुसरं गिऱ्हाईक बघू. पण मला वाटतं होईल."

"तुला वाटतं?" ऑर्लांदो म्हणाला. "बापरे. तारीख लिहून ठेवतो."

ऑल्ड्रिच गेला. जाताना आत्यानं त्याच्या हातात उरलेल्या सुपाचा डबा दिला, आणि डबा परत आणायचा, नाहीतर वहीत नाव लिहीन, असं बजावलं. ऑर्लांदो हसत हसत खुर्च्यांकडे वळला. तो शीळ घालत होता, खूप महिन्यांनी.

फिलोमेनानं चिठ्ठ्या गोळा केल्या आणि एकेक करून पिशवीत टाकल्या. सव्वीस नंबरची शेवटी राहिली. ती तिनं क्षणभर तळहातावर सपाट केली, घडी पुन्हा पापांनी घातली होती त्याच रेघेवर घातली आणि आत सोडली. वर पाहिलं तर आत्या ओले हात पुसत दारात उभी.

"मी बघितली ती," आत्या म्हणाली. "पिशवीत टाकताना नाही, आत्ता. मागून."

"हं."

"पुढच्या वर्षी निघाली तर?"

फिलोमेनानं पिशवीची दोरी ओढून गाठ मारली.

"तर वाचायची," ती म्हणाली. "मोठ्यानं."